डिमेन्शिया झालेल्या आपल्या माणसासाठी निवासी केंद्र निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई, वडील, सासूबाई, एकट्या राहणाऱ्या आत्या यांच्यासाठी जागा शोधणारी कुटुंबं जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत. प्रश्न कोणताही असो, माझा भर एका गोष्टीवर राहील: दिवसरात्र पेशंटजवळ असणारी मावशी किंवा मामा, म्हणजे तिथले सेवा करणारे कर्मचारी, कसे आहेत, त्यांना हे काम कोणी शिकवलंय आणि त्यांच्या अंगावर किती जणांचा भार आहे. इमारत, बाग, लिफ्ट हे सगळं त्यानंतर.

आईला बाहेर ठेवायची वेळ आली आहे, हे कसं ओळखायचं?

बहुतेक जण आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगू लागतात. मी आधी घराबद्दल विचारते. रात्री घरातलं कोण जागं असतं? आई दार उघडून निघून गेली आहे का, गॅस उघडा राहिला आहे का? तिला उठवणारे, न्हाऊ घालणारे हात कोणाचे आहेत, आणि त्या हातांची स्वतःची तब्येत कशी आहे? पंचाहत्तरी ओलांडलेले वडील, स्वतःला मधुमेह, आणि आईला बाथरूममध्ये उचलून नेतात, असं असेल तर दोघंही एकदमच अंथरुणाला खिळण्याची भीती असते.

देशात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, असा अंदाज २०२३ मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून प्रसिद्ध झाला. यातले बहुसंख्य घरीच सांभाळले जातात, आणि सांभाळणारी असते बायको, सून किंवा मुलगी. तिला विचारल्याशिवाय घरातल्या पुरुषांनी किंवा परदेशातल्या भावंडांनी ‘घरीच ठेवू या’ असं ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र तपासाच. दोनचार दिवसांत एकाएकी बिघाड झाला असेल, म्हणजे माणसं ओळखेनाशी झाली, भास व्हायला लागले, दिवसभर ग्लानी आली, तर तो डिमेन्शिया वाढल्याचा प्रकार नसण्याची शक्यता मोठी असते. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, अंगातलं पाणी कमी होणं, साचलेली बद्धकोष्ठता, नुकतंच सुरू केलेलं एखादं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. आधी डॉक्टर, तपासण्या, उपचार. जागेचा निर्णय त्यानंतर.

नातेवाईक म्हणतात, ‘आईला टाकलं.’ कायद्यानेही हा गुन्हा आहे का?

नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा आहे. त्याच्या कलम २४ नुसार ज्येष्ठ व्यक्तीला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून जाणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही चांगली जागा शोधता, खर्च करता, भेटायला जाता, डॉक्टरांशी बोलता, याला सोडून देणं म्हणत नाहीत.

नातेवाइकांचं म्हणाल तर, जे बोलतात त्यांना आठवड्यातली एक रात्र आईपाशी झोपायला बोलवा. काही जण खरंच येतात, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं बदलतं.

साधा वृद्धाश्रम चालेल का?

सहसा नाही. बऱ्याच वृद्धाश्रमांची अटच असते की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. महाराष्ट्रात १९९५ पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे, जुने धर्मादाय आश्रम आहेत. पण त्यांची रचना हिंडत्या-फिरत्या, आपलं नाव-गाव सांगू शकणाऱ्या माणसांसाठी आहे. तिथे रात्री दोन वाजता ‘मला घरी जायचंय’ म्हणून दार ठोठावणाऱ्या आजींजवळ बसायला कोणी नसतं.

फोनवर एवढं विचारा: आज तुमच्याकडे डिमेन्शियाचे किती जण आहेत? त्यातले चालते-फिरते किती, अंथरुणावरचे किती? जिथे सगळे अंथरुणावरचे आहेत तिथे तुमच्या चालत्या वडिलांना फिरायला जागा मिळेलच असं नाही.

आणि प्रवेश मिळावा म्हणून आजार लपवू नका. आठवड्याभरात तो कळतोच, आणि मग पेशंटला घेऊन जा म्हणून फोन येतो.

नोंदणी कुठली पाहायची?

इथे गुंता आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र बहुधा ट्रस्टच्या नोंदणीचं असतं. धर्मादाय आयुक्तांकडची ती नोंदणी संस्था अस्तित्वात आहे आणि तिला हिशेब द्यावे लागतात एवढंच सांगते. शुश्रूषेबद्दल त्यातून काही कळत नाही. जिथे रुग्णालयासारखे उपचार होतात तिथे शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९चा राज्य कायदा लागू होतो. मानसिक आजार असलेल्यांना दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाड येतात.

तेव्हा ‘रजिस्टर्ड आहात का?’ असं मोघम विचारू नका. ‘कोणत्या कायद्याखाली, कोणाकडे, कधीपर्यंत वैध?’ असं विचारा आणि कागद पाहायला मागा. अग्निशमनाची व्यवस्था विचाराच. दाराला कुलूप असतं तिथे आग लागली तर चावी कोणाकडे आहे, हे रात्रपाळीच्या मावशीला माहीत असलं पाहिजे. उत्तर मॅनेजरकडून घेऊ नका, तिलाच विचारा.

जागा पाहायला गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

एका भेटीत निर्णय घेऊ नका. पहिली भेट वेळ ठरवून होईल, चहा मिळेल, मॅनेजर सगळीकडे फिरवून दाखवतील. दुसऱ्या भेटीला न सांगता जा, तेही दिवेलागणीच्या सुमाराला. डिमेन्शियात संध्याकाळ फार अवघड असते. उजेड कमी होतो, शरीर दमलेलं असतं, आणि कितीतरी जणांची अस्वस्थता याच वेळी वाढते: येरझाऱ्या, रडणं, ‘मुलं शाळेतून आली नाहीत अजून’ म्हणून घाबरणं. नेमकी हीच वेळ पाळी बदलण्याची आणि रात्रीच्या जेवणाच्या तयारीची असते. त्या तासाभरात संस्था कशी चालते ते पाहिलंत की सकाळच्या भेटीपेक्षा खूप जास्त कळेल.

आजी रडत असतील तर मावशी काय करते? ‘मुलं कुठली आता, नातवंडं झाली तुम्हाला’ असं सांगून गप्प करते, की शेजारी बसून ‘काय करतात हो मुलं शाळेत?’ असं विचारते? दुसरी मावशी शिकलेली आहे. तिला ते कोर्समध्ये शिकवलं असो वा अनुभवाने आलं असो. हाक कशी मारतात ते ऐका. आजी, काकू, सर, बाई, नावाने, काहीही चालेल, त्या माणसाला रुचणारं हवं. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंना ‘बाई’ म्हटलं की त्या ताठ बसतात. ‘ए आजे, उठ’ ऐकू आलं तर परत फिरा.

अंगावर हात टाकण्यापूर्वी समोर येऊन बोलतात की मागून येऊन एकदम उचलतात, हेही बघा. डिमेन्शियात आजूबाजूचं दिसण्याचं भान आक्रसतं. मागून आलेला हात हा हल्ला वाटतो, आणि मग ‘तुमचे वडील मारतात’ अशी तक्रार तुमच्याकडे येते.

मग तिथे राहणाऱ्या लोकांकडे पाहा. नखं कापलेली आहेत का? चष्मा डोळ्यावर आहे का, आणि काच पुसलेली आहे का? कवळी तोंडात आहे की कपाटात? कानाचं यंत्र चालू आहे का? पुरुषांची दाढी? अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की सामायिक ढिगातले? या बारीक गोष्टींना रोज कोणीतरी वेळ द्यावा लागतो, आणि माणसं कमी पडली की आधी याच सुटतात. वासही सांगतो. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं समजू शकतं. सगळीकडे मुरलेला वास असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. फिनेलचा भपका आला तरी दुपारी पुन्हा जाऊन बघा.

जागेबद्दल थोडक्यात: संडासात धरायला दांड्या, ओली न राहणारी फरशी, रात्री मंद दिवा, बसून आंघोळीची सोय, चालायला सुरक्षित मोकळी जागा. बेडवरून संडासाचं दार दिसत असेल तर उत्तम. चकचकीत टाइल्स या आजारात पाण्यासारख्या दिसतात, माणूस पाय टाकायला घाबरतो; हॉटेलसारखी लॉबी म्हणूनच मला कधी आवडत नाही.

किती पेशंटमागे किती माणसं हवीत?

दिवसाचा आकडा सगळेच सांगतात. तुम्ही रात्रीचा विचारा, आणि रविवारचा, आणि गणपती-दिवाळीचा. त्या काळात अर्धा स्टाफ गावी जातो. बदली माणसं ब्युरोतून (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून) येतात का, आणि त्यांना पेशंटची माहिती कोण देतं?

नर्स आहे असं सांगितलं तर ती एएनएम (साहाय्यक परिचारिका) आहे की जीएनएम (सर्वसाधारण परिचारिका), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. पांढरा कोट घातला म्हणून नर्स होत नाही. त्याच वेळी, नोंदणी नसलेल्या पण दहा वर्षं हेच काम करणाऱ्या मावशीला कमी लेखू नका. ती किती वर्षं त्याच ठिकाणी टिकली आहे, हा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न. मावशी टिकते तिथे तिचा पगार वेळेवर होत असतो, तिला सुट्टी मिळते, झोपायला जागा असते. तिला नीट वागवलं जात नसेल, तर तिने तुमच्या आईला बारा तास मायेने सांभाळावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

भाषाही पाहा. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आयुष्यभर मुंबईत इंग्रजीत कारभार केलेले काका शेवटी मालवणीत बोलू लागतात. जळगावकडच्या आजी अहिराणीवर येतात. मराठी अजिबात न समजणारा स्टाफ असेल तर ‘पोटात दुखतंय’ हेही पोचत नाही.

बांधून ठेवतात का, गुंगीचं औषध देतात का, हे थेट कसं विचारायचं?

थेटच विचारायचं. ‘एखादे आजोबा रात्री सारखे उठतात, चिडतात. तुम्ही काय करता?’ एवढं म्हणून गप्प बसा. चांगल्या जागी आधी कारणं सांगतील: लघवीला लागलं असेल, दुखत असेल, भूक असेल, दुपारी जास्त झोपले असतील. पहिलंच उत्तर ‘आमचे डॉक्टर गोळी देतात, मग शांत झोपतात’ असं आलं तर सावध व्हा.

२०१७च्या कायद्यानुसार नोंदलेल्या मानसिक आरोग्य संस्थेत एकांतात कोंडायला बंदी आहे. हातपाय बांधणं फक्त तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने निर्णयांत साथ देणाऱ्या, कायद्याने ठरलेल्या माणसाला) २४ तासांत कळवून. तुमची संस्था त्या कायद्याखाली नोंदलेली असो वा नसो, करारनाम्यात हीच अट लिहून मागा. खुर्चीला ओढणीने बांधणं हेही बांधणंच आहे.

औषधांबद्दल: क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या (अँटिसायकोटिक) गटातल्या औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी या गटातल्या नव्या औषधांसाठी २००५ मध्ये आणि जुन्यांसाठी २००८ मध्ये दिला. पक्षाघाताचा धोकाही वाढलेला आढळला आहे. कधीकधी त्यांची गरज पडते. पण कमीत कमी मात्रा, थोडे दिवस आणि ठरलेल्या तारखेला फेरविचार. लेवी बॉडी नावाच्या प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार घातक ठरू शकतात. निदानाचा कागद फाइलच्या सर्वांत वर लावा आणि ड्युटीवरच्या प्रत्येकाला तोंडानेही सांगा. तुम्हाला कळवल्याशिवाय अशी औषधं सुरू करायची नाहीत, हे लेखी घ्या.

जेवणाचं काय पाहायचं?

मेनू कार्ड पाहू नका, जेवणाच्या वेळी बसा. भरवणारी मावशी एका घासानंतर दुसरा घास कधी देते? गिळणं मंदावलेलं असतं. घाईत भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. माणूस सरळ बसलेला हवा, आडवा मुळीच नको. ज्यांना भाकरी चावत नाही त्यांना मऊ खिचडी, पेज, कुस्करलेली पोळी-वरण असं वेगळं मिळतं का, की सगळं मिक्सरमधून काढून एकच लगदा देतात? वजनाचं रजिस्टर दाखवायला सांगा. दर महिन्याला वजन करणारी संस्था बाकीही बऱ्याच गोष्टी नीट करत असते.

खर्च किती येतो?

शहर, खोली आणि पेशंटची अवस्था यांनुसार फार फरक पडतो. सांगितलेल्या मासिक रकमेत काय धरलेलं नाही, ते लिहून घ्या: डायपर, औषधं, डॉक्टरची व्हिजिट, फिजिओथेरपी, कपडे धुणं, रुग्णालयात न्यायची वेळ आली तर सोबत बसणारा माणूस. अनामत किती, परत कधी आणि काय कापून? आजार वाढला की दर वाढतो का, कितीने? मध्येच पेशंट दगावला तर उरलेल्या महिन्याचं काय, हेही विचारा. विचारायला जड जातं, पण नंतर भांडायला अधिक जड जातं.

आरोग्य विमा सहसा रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देतो. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही रुग्णालयातल्या उपचारांसाठी. केंद्रात राहण्याचा मासिक खर्च त्यातून निघत नाही. आईचं आयुष्मान कार्ड मात्र आधीच काढून ठेवा.

वडिलांच्या सह्या आता चालत नाहीत. पैसे आणि कागदपत्रं कशी सांभाळायची?

आजार सुरुवातीचा असेल तर आज, या महिन्यात हालचाल करा. खातं संयुक्त करणं, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे सगळं समज शाबूत असेपर्यंतच होतं. मुखत्यारपत्र करून निश्चिंत होऊ नका: देणाऱ्याची समज गेली की आपल्या करार कायद्याप्रमाणे साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर मोठ्या व्यवहारांसाठी उच्च न्यायालयात जाऊन पालक (गार्डियन) नेमून घ्यावा लागतो; मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत कुटुंबीयांना पालक नेमलेलं आहे, पण वेळ आणि वकिलाचा खर्च लागतो.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला विसरू नका. आता मोबाइलवर चेहरा ओळखून तो देता येतो, टपाल खात्याची माणसं घरी येऊनही करतात. त्यासाठी पेशंटला बँकेत न्यायची गरज नाही.

आणखी एक: संस्थेच्या नावे दागिने, घर किंवा मोठी ठेव लिहून मागणाऱ्या कोणाच्याही वाटेला जाऊ नका.

आईला काय सांगून न्यायचं? ‘दोन दिवसांसाठी’ म्हणावं का?

सुरुवातीचा टप्पा असेल, तिला समजत असेल, तर तिला जागा पाहायला घेऊन जा आणि तिचं मत विचारा. तो तिचा अधिकार आहे. आजार पुढे गेला असेल तर लांबलचक खुलासा तिच्या लक्षात राहणार नाही, भीती तेवढी राहील. ‘इथे तुझ्याकडे बघायला माणसं आहेत, मी येत राहणार आहे’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

सकाळी न्या, ती ताजीतवानी असते. तिची गोधडी, जपमाळ, रोजचा कप, लग्नाचा फोटो आधीच खोलीत ठेवा. प्रत्येक कपड्यावर नाव शिवा. आणि एक पानभर तिची माहिती लिहून द्या: तिला काय म्हणून हाक मारायची, चहात साखर किती, कोणत्या अभंगाने शांत होते, आंघोळीला कशाने चिडते, कोणाचं नाव काढलं की रडते. फाइलमधल्या रिपोर्टांपेक्षा मावशीच्या उपयोगी पडेल ते हे पान.

काही संस्था सांगतात, पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, पेशंट रुळत नाही. मला हे मान्य नाही. रोज तासन्‌तास बसू नका, निघताना मोठा निरोप घेऊ नका, हे ठीक. पण दार पूर्ण बंद करणारी जागा मी निवडणार नाही. कुटुंबाने कधीही, कुठल्याही वेळी यावं असं म्हणणारी संस्था शोधा.

आम्ही परदेशात आहोत. काय करावं?

जवळ राहणारा एक विश्वासू माणूस ठरवा आणि त्याला लेखी अधिकार द्या: कधीही भेट, फाइल पाहणं, तातडीच्या वेळी रुग्णालयाला संमती. व्हिडिओ कॉल रोज एकाच वेळी करू नका. त्या वेळेपुरती वेणीफणी होते. संस्थेने आठवड्याला पाठवायचं ते ठरवून घ्या: वजन, झोप, पडझड, नवी औषधं, पाठीचा आणि टाचांचा फोटो. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) तिथेच सुरू होतात.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा अनेक शहरांत आहेत, मुंबईतही. त्यांच्या मदतगटांतल्या कुटुंबांकडून जागांची जी खरी माहिती मिळते, ती जाहिरातीत मिळत नाही.

शेवटच्या टप्प्यात तिथेच ठेवायचं की रुग्णालयात न्यायचं?

हे प्रवेशाच्या दिवशीच बोला. खाणं बंद होतं तेव्हा नाकातून नळी घालायचा प्रश्न येतो. पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही. घेईल तेवढं चमच्याने, प्रेमाने भरवणं याला तज्ज्ञांची पसंती आहे. संस्थेला ते जमतं का, वेदना कमी करायला डॉक्टर येतात का, मृत्यूचा दाखला कोण देतं, रात्री अपरात्री झालं तर कुटुंबाला बसायला खोली आहे का?

पेशंटची समज अजून चांगली असेल तर आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राचा (शेवटी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा) विचार करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन.

जागा चुकीची निघाली तर?

अंगावर न सांगितलेल्या जखमा, झपाट्याने घटलेलं वजन, सतत गुंगी, किंवा एखादी मावशी दिसताच आई आक्रसते, यांपैकी काहीही दिसलं तर तारीख-वेळेसह फोटो घ्या, त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा आणि संस्थाचालकांना लेखी कळवा. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याचा संशय असेल तर पोलिसांत जा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८, पैसे लागत नाहीत. तक्रार कुठे करायची याचं मार्गदर्शन तिथे मिळतं. हलवायचं ठरलं तर औषधांची सध्याची यादी, शेवटचे रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि अनामतीची पावती जपून ठेवा.